स्विफ्ट एक इंच खाली घ्यायची आहे, घरच्या अंगणात आणि कमी पैशांत

पंचगंगाकाठ

माझ्याकडे २००८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, १.३ लिटरची व्हीएक्सआय. बाबांनी नवी घेतलेली, आता चार वर्षं मी चालवतोय. एक लाख बारा हजार किलोमीटर झाले, इंजिन ठणठणीत आहे. पण गाडी बाजूने बघितली की मागच्या चाकावरची पोकळी डोळ्यांत खुपते, चार बोटं सहज आत जातात. शिवाय गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना वळणावर गाडी इतकी कलते की मागे बसलेली आई दाराचा दांडा सोडत नाही.

दोन गॅरेजांत विचारलं. एक म्हणाला, "स्प्रिंगचा दीड दीड वेढा कापतो, चारी चाकांचे दोन हजार द्या, संध्याकाळी गाडी न्या." दुसऱ्याने नवा सेट, शॉकअप, मजुरी सगळं धरून तीस हजारांच्या वर सांगितलं. पहिलं ऐकून भीती वाटली आणि दुसरं खिशाला झेपत नाही.

माझ्याकडे मित्राचा ट्रॉली जॅक आहे, दोन स्टँड आहेत, पान्यांचा पूर्ण सेट आहे. ब्रेक पॅड, लिंक रॉड, एका बाजूचा लोअर आर्म ही कामं मी घरीच केलीत. फार नको, एक इंच खाली आली तरी पुरे. कुठे पैसे वाचवता येतील आणि कुठे अजिबात वाचवू नयेत, एवढं अनुभवी लोकांनी सांगावं.

वेढा_सात

मी चौदा वर्षं स्प्रिंगच्या कारखान्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्प्रिंग कापली की ती मऊ होते आणि म्हणून गाडी बसते, असं पुष्कळांना वाटतं. होतं बरोबर उलट. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि काम करणारे वेढे किती, यांवर ठरतो. वेढे कमी झाले की कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो. पाच वेढे काम करत होते आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग २५ टक्के कडक झाली. दीड कापला तर ४० टक्क्यांच्या वर. तुमचा शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाने बनवलेला आहे. स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरायची ताकद त्याच्यात तेवढीच, आणि १,१२,००० किलोमीटरनंतर त्याहूनही कमी. म्हणून कापलेल्या गाड्या खड्ड्यानंतर दोन-तीनदा उड्या मारतात.

गाडी किती खाली येईल हे आधी मोजता येतं. गाडी चारी चाकांवर उभी असताना शेजारच्या दोन वेढ्यांच्या तारा मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. समजा ४० मिमी आले. एक वेढा कापला की त्याच वजनाखाली स्प्रिंग ४० मिमीने आखूड उभी राहणार. पुढे स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा एकत्र खांब, चाकाला लागूनच उभा असल्यामुळे चाकापाशीही जवळजवळ तेवढाच फरक. दीड वेढा म्हणजे ६० मिमी! तुम्हाला हवेत २५.

आता खरी गोम. तीच स्प्रिंग सोडवून टेबलावर ठेवलीत तर त्याच दोन वेढ्यांमधलं अंतर समजा ६० भरतं. म्हणजे एक वेढा कापल्यावर गाडी ४० ने खाली आली, पण स्प्रिंगची मोकळी लांबी ६० ने घटली. शॉकअप पूर्ण ताणला की वरच्या आणि खालच्या बैठकीमधलं अंतर आहे तेवढंच राहतं. त्यामुळे चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग बैठकीत खुळखुळी होते, कधी खोबणीतून सरकते, आणि चाक परत वर येताना भलत्याच जागी बसते. हे भर वळणावर झालं तर काय, हे मी लिहायला नको.

चांगल्या कंपनीची खाली घेणारी स्प्रिंग नीट पाहा. तिचे एका टोकाचे एक-दोन वेढे अगदी जवळजवळ असतात. गाडीच्या वजनाने ते मिटून जातात आणि चाक लोंबकळलं की उघडतात. स्प्रिंग बैठकीत घट्ट राहावी, यासाठीच ते दिलेले असतात. कापलेल्या स्प्रिंगला हे कुठून आणणार?

माझं मत विचाराल तर तयार स्प्रिंगच घ्या. आयबाख, एच अँड आर या जर्मन कंपन्यांच्या नव्या महाग पडतात, पण ज्यांनी जुनी स्विफ्ट विकली त्यांच्याकडे काढून ठेवलेले सेट असतात. घेताना चार गोष्टी बघा. स्प्रिंग तुमच्याच मॉडेलची आहे ना आणि भाग क्रमांक वाचता येतोय ना. शेवटच्या वेढ्यावर ग्राइंडरची खूण नाही ना. रंग उडून खोल गंज धरलेला नाही ना. डावी-उजवी जमिनीवर शेजारी उभी केल्यावर सारख्या उंचीची दिसते ना.

नवखा०८

वेढा_सात दादा, आमच्या गावातला वेल्डर स्प्रिंग गाडीतच ठेवून गॅसने तापवतो, गाडी आपोआप बसते. कापायची गरजच नाही. पाचशे रुपयांत काम होतं. त्यात काय वाईट? दुसरं, स्प्रिंगला लावायचे क्लॅम्प मिळतात, दोन वेढे एकत्र बांधणारे. ते?

वेढा_सात

नवखा, तुमच्या गावच्या लोहाराला विचारा, कोयत्याला पाणी का देतात. धार टिकावी म्हणून. स्प्रिंगच्या पोलादाचंही तेच. ते लालबुंद करून तेलात विझवतात, मग साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात, तेव्हा त्यात दबून परत उसळायचा गुण येतो. वेल्डर गॅसने तार लाल करतो तेव्हा ती ७०० च्या पुढे जाते आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. गाडी बसते ती याचमुळे, पोलाद मेलं म्हणून. पुढेही ती थोडी थोडी बसतच राहते, प्रत्येक चाकाला वेगळी, आणि मऊ भाग जिथे कडक भागाला मिळतो तिथे एक दिवस तार तुटते. तुटलेलं टोक टायरमध्ये घुसू शकतं. शिवाय गाडीत ठेवून तापवताना बाजूला शॉकअपमधलं तेल, ब्रेकचा रबरी होज आणि रबरी बुश असतात. हे कुणालाही करू देऊ नका. पाचशे सोडा, फुकट दिलं तरी नको.

क्लॅम्पचंही तसंच. बांधलेले वेढे काम करायचे थांबतात, म्हणजे कापल्यासारखाच कडकपणा वाढतो, आणि क्लॅम्प सैल होऊन एका बाजूचा सुटला की गाडी एका कोपऱ्यात अचानक वर उचलली जाते. क्लॅम्प हे दुरुस्तीपुरतं स्प्रिंग धरून ठेवायचं साधन आहे. रस्त्यावर ते गाडीत राहता कामा नये.

रस्ताबांधणी

मी रस्त्यांच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. दादा, तुम्ही खाली घ्यायचं ठरवलंच असेल तर गतिरोधकाचं गणित आधी करून घ्या.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. तुमच्या स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३९० मिमी. म्हणजे असा गतिरोधक गाडीपेक्षा लांब आहे आणि चारही चाकं एकाच वेळी त्याच्यावर चढतात. २३९० मिमीच्या अंतरात १७ मीटरच्या कमानीचा फुगवटा जेमतेम ४२ मिमी येतो. पोटाखाली एवढीच जागा लागते. मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक एक इंच खाली आलेल्या गाडीलाच काय, दोन इंच खाली आलेल्या गाडीलाही घासणार नाही.

पण आपल्याकडे गल्लीत रातोरात उठतात ते गतिरोधक हात-दीड हात रुंदीचे असतात. त्यांच्या उंचीतून काहीही वजा होत नाही. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि अख्खा उंचवटा इंजिनच्या तेलाच्या चेंबरखाली. तो १३ सेंटीमीटरचा असेल तर तुमच्या पोटाखाली १३ हून जास्त जागा हवी, आणि ब्रेक लावून नाक खाली आलेलं असेल तर आणखी जास्त. म्हणून एक काम करा. टेप घेऊन रोजच्या वाटेवरचे चार सर्वांत वाईट गतिरोधक मोजा. मग घरचे चौघे आणि डिकीत सामान घेऊन गाडी उभी करा आणि चेंबरखालची उंची मोजा. त्यातून २५ वजा करा. उत्तर तुमच्या हातात येईल. रिकाम्या गाडीचे कागदावरचे १७० मिमी इथे कामाला येत नाहीत.

सोसायटीच्या तळघरातल्या उताराचा वरचा कोपराही मोजायला विसरू नका. बहुतेकांच्या गाड्या पहिल्यांदा तिथेच घासतात.

नियमाप्रमाणे

कुणीतरी हे लिहायलाच हवं म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा नोंदणी पुस्तकातले तपशील वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असा निकाल दिला.

नोंदणी पुस्तकात ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नाही, मग २५ मिमीने काय बिघडतं, असा युक्तिवाद लोक करतात. मला तो पटत नाही. अपघात झाला, सर्व्हेअर आला आणि त्याने स्प्रिंग बदललेल्या आहेत असं लिहिलं तर दाव्यावरून वाद होऊ शकतो. किमान विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि मूळ स्प्रिंग जपून ठेवा. तुमची आई त्या गाडीत बसते, हे तुम्हीच लिहिलंय.

श्टुटगार्टकर

नियमाप्रमाणे यांच्या मुद्द्याला जोड देतो. इकडे जर्मनीत स्प्रिंग बदलता येते, पण तिच्यासोबत तपासणी अहवाल यावा लागतो. कुठल्या गाडीला, कुठल्या चाक-टायरला, किती वजनापर्यंत चालेल हे त्यात लिहिलेलं असतं. बसवून झाल्यावर ट्यूव्हसारख्या संस्थेकडे गाडी न्यायची. तिथला तपासनीस खालून पाहतो, चाक लोंबकळल्यावर स्प्रिंग घट्ट आहे का, वळवल्यावर टायर कुठे घासतो का हे बघतो आणि सही करतो. तो कागद गाडीत ठेवायचा. तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच संपते. कापलेली स्प्रिंग इथे कुणी पास करत नाही.

भारतात हौशी माणसासाठी अशी सोय असती तर पंचगंगाकाठ यांना कापणारा आणि तीस हजारवाला, यांच्यात अडकावं लागलं नसतं. ती तपासणी कुणी करणार नसेल तर आपली आपणच करा, एवढंच म्हणेन. तपासनीस जे पाहतो तेच पाहा.

निळाडबा

स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून माझं सांगतो. तीन वर्षांपूर्वी वॅगनआरचा पुढचा स्ट्रट घरी उघडत होतो. एका दुकानातून दोन आकड्यांचा (हुकांचा) स्वस्त कॉम्प्रेसर आणला होता. घाईत दोन्ही आकडे समोरासमोर लागले नाहीत, एकाच बाजूला जवळ आले. अर्धी दाबल्यावर स्प्रिंग केळ्यासारखी वाकली, एक आकडा तारेवरून सरकला आणि स्ट्रट माझ्या हातातून सुटून समोरच्या भिंतीवर आदळला. विटेचा टवका उडाला. माझा चेहरा त्या रेषेत नव्हता, इतकंच. लहान मुलगा दारात उभा होता. मी त्या दिवशी हत्यारं ठेवून दिली आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिलो.

नंतर हिशोब केला. समजा स्प्रिंग २० न्यूटन प्रति मिमीची आहे आणि १५० मिमी दाबलीये. तिच्यात २२५ ज्यूल साठतात. २३ किलोची वस्तू एक मीटरवरून पडली तर जेवढी, तेवढी ही ऊर्जा, आणि ती एका क्षणात सुटते.

पंचगंगाकाठ, माझा सल्ला असा. मागच्या स्प्रिंगला कॉम्प्रेसर लागतच नाही, मागची दोन्ही चाकं जोडणारं बीम खाली घेतलं की ती हाताने निघते. ते घरी करा. पुढचे स्ट्रट आख्खेच्या आख्खे गाडीतून काढा, पोत्यात घाला आणि ज्या गॅरेजमध्ये भिंतीवर बसवलेला स्प्रिंग प्रेस आहे तिथे न्या. फक्त जुनी काढून नवी घालायचे पैसे द्या. नव्वद टक्के मजुरी तुमची वाचते आणि जीव घेणारं दहा टक्के काम योग्य यंत्रावर होतं.

पंचगंगाकाठ

निळाडबा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पुढचे स्ट्रट प्रेसवरच नेणार, हे आता पक्कं.

रस्ताबांधणी ताई, मोजून आलो. आमच्या गल्लीच्या तोंडाचा ११ सेंटीमीटर, शाळेजवळचा साडेअकरा, बाकी कमी. गाडीत आम्ही चौघे आणि दोन बॅगा घेऊन चेंबरच्या गार्डखाली १४४ मिमी आले. २५ वजा केले तर ११९. शाळेजवळचा काठावर बसतो, तो तिरका घ्यावा लागेल. पण यावरून एक नक्की झालं, ४० मिमीचा विचार सोडून द्यायचा.

पुण्याच्या एका मित्राने २५ मिमीचा सेट काढून ठेवला होता, साडेसात हजारांत देतोय. भाग क्रमांक स्पष्ट आहे, ग्राइंडरची खूण नाही.

घाटवळण

थांबा, पैसे द्यायच्या आधी हे वाचा. तुमची मूळ तक्रार वळणावर कलण्याची आहे. एवढ्या किलोमीटरला स्प्रिंगपेक्षा शॉकअप, स्ट्रटचं माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश संपलेले असण्याची शक्यता जास्त. आधी ते तपासा. मेलेल्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग टाकलीत तर गाडी आजच्यापेक्षा वाईट चालेल.

दुसरं, गाडी जितकी खाली तितकी कमी कलेल, हेही पूर्ण खरं नाही. पुढच्या चाकांच्या मॅकफर्सन रचनेत लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा, चाकाकडे जरासा उतरता असतो. गाडी खाली घेतली की तो सपाट होत जातो, आणखी खाली घेतली की उलटा, चाकाकडे चढता होतो. त्याबरोबर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढलं की कलायला लागणारा जोर वाढतो. म्हणून दोन-अडीच इंच खाली घेतलेली गाडी दिसायला शर्यतीची वाटते आणि वळणावर मूळ गाडीहून जास्त झुकू पाहते. एक इंचात आर्म साधारण सपाट राहतो. तुमचा आकडा बरोबर आहे, तिथेच थांबा.

नवखा०८

फक्त लहान टायर टाकून गाडी खाली नाही का येणार? सगळ्यात स्वस्त तेच ना.

घाटवळण

येईल. त्यांच्या १६५/८० आर१४ टायरचा व्यास साधारण ६२० मिमी, १८५/६५ आर१४ चा ५९६. गाडी १२ मिमी खाली येते. पण चाकावरची पोकळी तेवढीच वाढते, कारण लहान झालाय टायर, बॉडी चाकाच्या जवळ आलेली नाही. शिवाय मीटरवर १०० दिसताना गाडी आधीपेक्षा सुमारे ४ टक्के हळू असते आणि किलोमीटर जास्त मोजले जातात. त्यांना पोकळीच घालवायचीय, म्हणून त्यांच्या उपयोगाचं नाही.

पंचगंगाकाठ

झालं काम. शनिवार-रविवार दोन्ही दिवस गेले. पुढे कुणाला उपयोग व्हावा म्हणून जमेल तितकं लिहितो.

घाटवळण यांचं ऐकून आधी शॉकअप तपासले. पुढचा उजवा तेल गाळत होता आणि मागचे दोन्ही हाताने दाबले तर परतच येत नव्हते. म्हणून चारही नवे घेतले, मूळ मापाचे.

जागा: आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. स्टँडचे चार पाय थेट फरशीवर ठेवले तर ती तडकते आणि स्टँड कलतो, हे लोअर आर्मच्या वेळी शिकलोय. म्हणून प्रत्येक स्टँडखाली १८ मिमीचा प्लायवूडचा तुकडा. डांबरावर करणार असाल तर उन्हाळ्यात दुपारी करू नका, जॅक रुततो. उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. काढलेली चाकं गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवून ठेवली, स्टँड निसटलाच तर गाडी चाकावर टेकावी म्हणून. गाडीला बाहेरून जोरात धक्का देऊन पाहिला आणि मगच हात घातला. डिकीतल्या जॅकवर चाक बदलायचं, त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही.

मागचं काम सोपं गेलं. बॉडीखाली स्टँड, बीमखाली ट्रॉली जॅक, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि जॅक अगदी सावकाश सोडला. जॅक सोडताना भावाला ब्रेकच्या होजवर आणि हँडब्रेकच्या केबलवर टॉर्च धरून बसवलं होतं. त्यातलं काही ताणलं जातंय असं दिसलं की थांबायचं. स्प्रिंग हाताने निघाली. खालच्या रबरी बैठकीत चिखल घट्ट बसला होता, तो धुऊन काढला आणि स्प्रिंगचं टोक खोबणीत टेकलंय हे बोटाने चाचपून पाहिलं.

पुढे लिंक रॉड, ब्रेक होजचा क्लिप आणि स्ट्रट जिथे नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) बसतो ते दोन बोल्ट. बोल्ट काढायच्या आधी जुन्या जागेवर पांढऱ्या रंगाने खूण केली. ब्रेक कॅलिपर होजवर लोंबकळू दिला नाही, तारेने बांधून ठेवला. वरचे नट शेवटी सोडले. मधला मोठा नट गाडीवर असताना सोडायचा नाही. स्प्रिंग दाबून धरलेली आहे ती त्याच एका नटावर. दोन्ही स्ट्रट पोत्यात घालून प्रेसवाल्याकडे नेले, अर्ध्या तासात दोन्ही झाले. वरचं माउंटिंग, बेअरिंग, धूळ-रबर आणि बंप स्टॉप तिथेच नवे घातले.

एक चूक होता होता राहिली. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट मी गाडी हवेत असतानाच आवळून टाकत होतो. वेढा_सात यांनी फोटो बघून निरोप पाठवला म्हणून थांबलो. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली टेकली की कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून ते बोल्ट नुसते हाताने लावले, गाडी चाकांवर उतरवली, थोडी पुढे-मागे ढकलली आणि मगच टॉर्क पान्याने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळले.

शेवटी श्टुटगार्टकरांची तपासणी. गाडी पुन्हा उचलून चारही चाकं लोंबकळू दिली आणि प्रत्येक स्प्रिंग दोन्ही हातांनी फिरवून पाहिली. एकही हलली नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर आणि होज पाहिले, कुठे स्पर्श नाही.

खर्च: स्प्रिंग ७,५००, चार शॉकअप ९,२००, माउंटिंग आणि रबरं २,६००, प्रेसचे ६००, अलाइनमेंट ५००, हेडलाइट नीट करायला १००. एकूण २०,५००. यातला निम्म्याहून जास्त खर्च गाडी खाली न घेताही करावाच लागणार होता.

वेढा_सात

फार नीट केलंत. अलाइनमेंटचे आकडे टाका. आणि एबीएस नसलेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी एक गोष्ट राहतेय. अशा पुष्कळ गाड्यांत मागच्या ॲक्सलला एका दांड्याने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडीचं बूड खाली आलं की त्याला वाटतं डिकीत वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी खाली घेतल्यावर हा दांडा जुळवला नाही तर पावसात जोराने ब्रेक लावताना मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी फिरते. तुमच्या गाडीत खाली वाकून बघा, असेल तर मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्या.

सावंतवाडीचा

कोकणातल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. जुना सेट घेतलात आणि कुठे रंगाचा टवका गेलेला असेल, तर बसवायच्या आधीच तिथे घासून प्रायमर आणि रंग लावा. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत त्या जागी गंजाचा खड्डा पडतो आणि स्प्रिंग तुटते ती नेमकी तिथूनच. माझी मागची डावी अशीच तुटली, बांद्याच्या अलीकडे, भर पावसात.

पंचगंगाकाठ

वेढा_सात, तो दांडा बघितला आणि मॅन्युअलप्रमाणे जुळवून घेतला. मोकळ्या मैदानात ओल्या मातीवर हळू वेगात ब्रेक लावून पाहिला, पुढची चाकं आधी अडकतात. सावंतवाडीचा, मागच्या एका स्प्रिंगवर टवका होता, उद्याच काढून रंगवतो. सोपं काम आहे आता.

अलाइनमेंट दोनदा केलं. पहिल्यांदा लगेच, तेव्हा पुढची चाकं एकूण ४ मिमी बाहेर तोंड करून होती. तशीच चालवली असती तर टायरची आतली कड महिन्याभरात गेली असती. आज ६०० किलोमीटरनंतर पुन्हा केलं, स्प्रिंग जरा बसल्यामुळे टो (चाकांचं आत-बाहेर तोंड) किंचित हलला होता, तो नीट केला. पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, दोन्ही बाजूंना अर्ध्या अंशाने आत गेलाय, तेवढा तसाच ठेवला. हेडलाइट दोन्ही वेळा भिंतीवर पाहून घेतले.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापं: पुढे आधी ३८२, आता डावीकडे ३५६ आणि उजवीकडे ३५७. मागे आधी ३९१, आता ३६५ आणि ३६४. चौघे आणि दोन बॅगा घेऊन चेंबर गार्डखाली ११८ मिमी. शाळेजवळचा गतिरोधक तिरका घेतला की निघते, सरळ घेऊन पाहिला नाही.

नियमाप्रमाणे, विमा कंपनीला पत्र दिलंय, पोच घेतली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. मूळ चारही स्प्रिंग ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात. उत्तर नकाराचं आलं तर एका रविवारी परत घालीन.

काल आईला घेऊन करूळ घाट उतरलो. अर्ध्या वाटेत आरशात पाहिलं तर ती डब्यातले शेंगदाणे सोलत बसली होती, दोन्ही हातांनी.